रुमाल, जंत्री आणि सूची: प्रश्न कोणाच्या पंचांगात विचारावा?

१/
शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.
सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ.
फसली ११७०.
हिजरी ११७४, जमादिलाखर महिना.
राज्याभिषेक शक ८७.

कालगणना पाच, दिवस मात्र एकच: १४ जानेवारी १७६१, पानिपत.

आता कल्पना करा. अशा निरनिराळ्या पद्धतींनी तारखा घातलेले लाखो कागद आपल्यासमोर आहेत आणि कोणी म्हणाले, "इ. स. १७६१ चे तेवढे काढून द्या." कसे काढाल?

२/
या प्रश्नाचे उत्तर पेशव्यांच्या कारकुनांनी एका रीतीने शोधले, जंत्रीकारांनी दुसऱ्या रीतीने आणि १९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी तिसऱ्या रीतीने. तिन्ही उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की, एक समजले की उरलेली दोन आपोआप उलगडतात. मला ती उलगडली ती सोलापुरात, मोडी कागदांची सूची करताना लागलेल्या एका ठेचेमुळे. मित्रहो, आजचा थ्रेड त्या ठेचेपासून सुरू करतो.

३/
एका घरगुती संग्रहातील मोडी कागदांच्या नोंदी मी संगणकावर करीत होतो. रकाने साधे: कागदाचा प्रकार, गाव, लिहिणारा, तारीख. तारीख जशी कागदावर, तशीच उतरवली. मग एक छोटे फंक्शन लिहिले. सुहूर सनाचे अरबी शब्द द्यायचे, ते इसवी सन परत देणार. प्रश्न विचारला: "ज्या नोंदींची तारीख या फंक्शनमधून काढल्यावर १७७० येते, त्या दाखव."

उत्तर अचूक आले. पण नोंदी वाढत गेल्या तसा वेळही वाढत गेला. वास्तविक तारखेच्या रकान्यावर मी इंडेक्स, म्हणजे सूची, बांधलेली होती. मग यंत्र ती सूची वापरीत का नव्हते?

४/
आधी सूची म्हणजे काय ते पाहू. एक लाख नोंदी अस्ताव्यस्त पडल्या असतील, तर हवी ती नोंद सापडेपर्यंत एकेक पाहत जावे लागते. नशीब फिरले तर लाखावी. त्याच नोंदी क्रमाने लावल्या असतील, तर मधोमध उघडा, अर्धा भाग बाजूला सारा, उरलेल्याच्या मधोमध उघडा. अशा सतरा पावलांत लाखातून एक सापडते.

संगणकात याचे प्रचलित रूप म्हणजे 'बी-ट्री'. बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्रेट यांनी ते मांडले. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक पानावर पुढच्या शंभर पानांचे पत्ते असतील, तर तीन पायऱ्यांत दहा लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते.

५/
परंतु या जादूला एक अट आहे. क्रम हा साठवलेल्या मूल्याचा असतो. त्या मूल्यापासून पुढे जे काही काढता येईल, त्याचा नसतो. ही अट मोडली की सतरा पावलांची पुन्हा एक लाख होतात. ती कशी मोडते, हे सुहूर सनाइतके स्पष्ट दुसरे कोणीही शिकवीत नाही.

६/
सुहूर सनाची थोडी ओळख. या सनाचा आरंभ साधारणतः इ. स. १३४४ च्या सुमारास, तुघलकांच्या काळात झाला असे मानतात. वर्ष सौर, मृग नक्षत्रावर सूर्य आला की ते बदलते, म्हणून त्याला 'मृगसाल' असेही म्हणतात. शेतसाऱ्याच्या हिशेबाला हे सोयीचे, कारण पेरणी आणि वर्ष एकदमच उजाडते. महिने आणि दिवस मात्र चांद्र, मुसलमानी: रजब, साबान, जिल्हेज.

इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुहूर सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

७/
खरी गंमत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. सन आकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत लिहितात आणि तोही एकं स्थानापासून.

इहिदे = १, सबैन = ७०, मया = १००, अलफ = १०००. म्हणून 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१.

सर्वांत लहान भाग सर्वांत आधी, सर्वांत मोठा सर्वांत शेवटी.

८/
आता ही नावे अकारविल्हे लावून पाहा. अर्बा (४), इसन्ने (२), इहिदे (१), खमस (५), तिसा (९), सबा (७), समान (८), सलास (३), सीत (६). म्हणजे ११७० च्या दशकातील वर्षे अशी रांगेत येतात: ११७४, ११७२, ११७१, ११७५, ११७९, ११७७, ११७०, ११७८, ११७३, ११७६.

शिवाय पानिपतचे ११६१ (इहिदे सितैन) आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेले ११७१ (इहिदे सबैन) दोन्ही 'इहिदे'च्या एकाच गठ्ठ्यात. लागोपाठची वर्षे दूर फेकली गेली आणि दूरची शेजारी आली.

सूची आहे, क्रमही आहे. पण तो काळाचा क्रम नाही.

९/
माझे यंत्र याच पेचात होते. त्याच्याकडे 'अर्बा'पासून 'सीत'पर्यंतची क्रमवार सूची होती. मी मात्र त्याला 'इसवी(तारीख) = १७७०' असे विचारीत होतो. फंक्शनच्या आत काय घडते हे यंत्राला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ती बंद पेटी आहे. 'इहिदे' आत घातल्यावर १७७० बाहेर येईल की १६६०, हे घातल्यावाचून कळायचे नाही.

म्हणून ते प्रत्येक नोंद उचलते, पेटीत घालते, उत्तर पाहते, पुढे जाते. एक लाख नोंदी, एक लाख वेळा तेच गणित. आणि उद्या तोच प्रश्न पुन्हा विचारला तर पुन्हा एक लाख वेळा.

१०/
तारीख आकड्यांत, नीट क्रमाने साठवली असली तरी हा दोष टळत नाही. 'वर्ष(तारीख) = १७७०' अशी अट घातली की बहुतेक डेटाबेस सरळ क्रमाची सूचीही बाजूला ठेवतात. वर्ष काढल्याने तारखांचा क्रम बिघडत नाही हे आपल्याला कळते. यंत्राला ते कोणीतरी शिकवावे लागते.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात 'सिस्टिम आर' हा डेटाबेस घडला. कोणत्या अटींसाठी सूचीचा आधार घेता येतो आणि कोणत्या अटींसाठी नाही, हा भेद तेथे पक्का झाला आणि 'सार्जेबल' ही संज्ञा रूढ झाली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांचा १९७९ चा निबंध या विषयातील पायाभूत लेखन मानला जातो.

११/
मग उपाय काय? पहिला उपाय जुन्या संशोधकांना अंगवळणी पडलेला होता: कागद बदलू नका, प्रश्न बदला.

इ. स. १७७० चे कागद हवेत ना? मग दफ्तरापाशी जाण्याआधीच आपल्या वहीत गणित करा. १७७० मधून ६०० वजा केले की ११७०: 'सबैन मया व अलफ'. ५९९ वजा केले की ११७१: 'इहिदे सबैन मया व अलफ'. आता दफ्तरात जाऊन हीच दोन वर्षे मागा.

गणित दोनदा झाले, लाख वेळा नव्हे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर फंक्शन रकान्यावरून उचलून प्रश्नातील स्थिर मूल्यावर ठेवले. 'वर्ष(तारीख) = १७७०' असे न म्हणता 'तारीख १ जानेवारी १७७० किंवा नंतरची आणि १ जानेवारी १७७१ च्या आधीची' असे म्हणायचे. अर्थ तोच, पण आता सूची कामाला येते.

१२/
येथे एक पाय घसरण्याची जागा आहे. एका इसवी वर्षात दोन सुहूर वर्षे मोडतात, कारण सांधा जानेवारीत नाही, मृगात आहे. १७७० चे मृगापर्यंतचे महिने ११७० मध्ये, पुढचे ११७१ मध्ये. आणि अकारविल्हे पाहिले तर एक 'स'मध्ये, दुसरे 'इ'मध्ये. केवळ ५९९ लक्षात ठेवणारा विद्यार्थी वर्षाचे पहिले पाच महिने हरवून बसतो, आणि हरवल्याचे त्याला कळतही नाही.

प्रश्नाचे भाषांतर करायचे तर ते पूर्ण करावे लागते. अर्धवट भाषांतर उत्तर लवकर देते, पण चुकीचे देते.

१३/
दुसरा उपाय म्हणजे जंत्री. 'छ २३ जिल्हेज' म्हणजे इसवी सनाची नेमकी कोणती तारीख, हे नुसत्या वजाबाकीने कळत नाही. चांद्र महिने आणि सौर वर्ष यांचा मेळ दिवसागणिक घालावा लागतो. प्रत्येक संशोधकाने प्रत्येक पत्रासाठी हे गणित नव्याने करावे का?

कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पेशवेकाळासाठी आणि ग. स. खरे यांनी शिवकाळासाठी हे काम एकदाच करून ठेवले. शक, हिजरी, सुहूर आणि इसवी तारखा शेजारीशेजारी मांडलेले ते तक्ते. आकडेमोडीचा सारा भार एका माणसाने एकदा उचलला आणि पुढच्या पिढ्यांना फक्त पान उलटायचे काम उरले.

१४/
तिसरा उपाय याच्याही पुढचा. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून वेचे निवडले. ते विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः प्रसिद्ध झाले. त्यांतील नोंदींच्या कडेला मूळ अरबी सन आणि महिना दिलेला आहे आणि जोडीला इसवी सनही. वाचकाने जंत्री उघडायचीही गरज नाही.

डेटाबेसात याला फंक्शनवर बांधलेली सूची म्हणतात. नोंद आत येतानाच फंक्शन एकदा चालते आणि त्याचे उत्तर क्रमाने लावून ठेवले जाते. ओरॅकलमध्ये ही सोय १९९९ च्या सुमारास आली, पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये ती पुष्कळ वर्षे आहे, मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली, ८.०.१३ या आवृत्तीत आली. वाडांच्या खंडांतील ती कड त्याच कल्पनेची आहे.

१५/
आता थेट पेशव्यांच्या दफ्तरात जाऊ. सूचीचा विचार तेथे संशोधक येण्याच्या कितीतरी आधी झाला होता. दररोज घडेल ते त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरायचे: जमा, खर्च, सनदा, हुकूम, सारे एकापाठोपाठ एक. रोजकीर्द लिहायला सोपी. फक्त शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ.

पण "अमक्या सरदाराला आजवर काय काय दिले?" असे विचारले तर सारी रोजकीर्द चाळावी लागणार. म्हणून तिच्यावरून घडणी तयार होई: त्याच नोंदी वर्गवार, निराळ्या क्रमाने लावलेल्या. एकबेरीज दफ्तरात राज्याच्या जमाखर्चाचे तर्जुमे, म्हणजे वर्गीकृत सारांश, होत. एकच मजकूर दोन क्रमांनी; कारण प्रश्न दोन प्रकारचे.

१६/
याला किंमत पडते. रोजकीर्दीत एक ओळ वाढली की ती घडणीतही उतरवायला कारकून हवा. वाचणाऱ्याचा जो वेळ वाचतो, तो लिहिणाऱ्याच्या वेळातून येतो. आजच्या डेटाबेसातही प्रत्येक नवी सूची शोध जलद करते आणि नोंद करणे किंचित मंद करते. म्हणून ऊठसूट प्रत्येक रकान्यावर सूची बांधत नाहीत.

नाना फडणविसांच्या काळात दफ्तर चोख होते आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची शिस्त ढासळली, असे पेशवाई गेल्यावर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. सूचीची देखभाल थांबली की कागद असूनही नसल्यासारखे होतात.

१७/
१८१८ नंतर हे दफ्तर कंपनी सरकारच्या हाती गेले. पुढे इनाम कमिशनने त्याचा कसून वापर केला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्या चौकशीला बळ दिले. त्यांचा प्रश्न एकच होता: ही जमीन माफीने खाण्याचा हक्क कोणाला, आणि पुरावा कोणता? साहजिकच कागदांची मांडणी महसुलाच्या प्रश्नांना उत्तर देईल अशी होत गेली.

इतिहासकारांचे प्रश्न निराळे होते. १९३० च्या आसपास गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली सुमारे पस्तीस हजार रुमालांतून निवड करून पेशवे दफ्तराचे ४५ खंड निघाले. राजकारणाच्या दृष्टीने त्यांना रुमाल अक्षरशः उपसावे लागले. महसुलासाठी लावलेल्या दफ्तराला राजकारणाचा प्रश्न विचारला की सूची मुकी होते आणि माणसाला प्रत्येक रुमाल सोडावा लागतो.

१८/
सोलापुराकडे वळू. सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. पण आजच्या जिल्ह्याच्या नकाशात अक्कलकोटचे भोसले संस्थान होते, मंगळवेढे सांगलीकर पटवर्धनांकडे होते आणि पूर्वेला नळदुर्गापासून निजामाची हद्द सुरू होत होती. एकाच घराण्याचे कागद इंग्रजी वर्षात, शकात, सुहूरमध्ये आणि सीमेपलीकडचे नातेवाईक असतील तर फसलीतही सापडू शकतात.

फसली आणि सुहूर यांत नऊ वर्षांचे अंतर आहे: ११७१ सुहूर म्हणजे ११८० फसली. नुसता '११८०' हा आकडा पाहून सन ओळखणारा संशोधक येथे सहज नऊ वर्षांनी चुकतो.

१९/
तारखेसारखीच गत नावाची. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची 'सोन्नलगी', मोडी कागदांतले 'सोलापुर' आणि इंग्रजी अमदानीतील 'शोलापूर' हे एकच गाव. १८८४ चे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर याच 'शोलापूर' नावाने निघाले. सूचीत 'स'खाली पाहणाऱ्याला 'श'खालचे सारे अदृश्य.

यावर उतावीळ उपाय म्हणजे शोधताना प्रत्येक नोंदीचे नाव फंक्शनने शुद्ध करून घेणे. टिकाऊ उपाय म्हणजे गावांची एक प्रमाण यादी करून प्रत्येक नोंदीला, ती आत घेतानाच, त्या यादीतील क्रमांक जोडणे. पहिल्यात श्रम रोजचे, दुसऱ्यात एकदाचे.

२०/
"जुन्या कागदांची एवढी घाई कोणाला?" असे कोणी विचारील. उत्तर आपण सर्वांनी २०२३ मध्ये पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि राज्यभरातील अभिलेख कक्षांचे दरवाजे उघडले. कोतवाल बुके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, पाहणीपत्रके, कुळांच्या नोंदवह्या, आणि जुना मजकूर बहुधा मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

आरक्षणाच्या वादात मी येथे शिरत नाही. मला दिसले ते एवढेच: सूची नसलेल्या दफ्तराला जेव्हा समाज एखादा निकडीचा प्रश्न विचारतो, तेव्हा एकेक पान उलटण्यावाचून मार्ग नसतो. मोडी वाचणे हेही एक फंक्शनच. पण ते माणसाच्या डोळ्यांनी चालते, आणि तो डोळा थकतो.

२१/
येथेच खरा प्रश्न आहे. एका अर्जदारासाठी वाचलेले पान पुन्हा कपाटात गेले आणि वाचन कोठेच नोंदवले नाही, तर पुढच्या अर्जदारासाठी तेच पान नव्याने वाचावे लागेल. ही किंमत यंत्र मोजत नाही. गावाहून एस. टी. ने आलेला माणूस ती मोजतो: दिवसाच्या मजुरीत, हेलपाट्यांत आणि शेवटी "सापडले नाही" या दोन शब्दांत.

'सापडले नाही' आणि 'नाही' यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. सूची नसली की ते अंतर पुसले जाते.

२२/
दोन सावधगिऱ्या. पहिली: इसवी सन मिळाला म्हणून मूळ तारीख पुसू नका. चंद्रदर्शनाच्या फरकाने जंत्रीतील हिजरी तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकते. उद्या कोणी चूक दाखवली तर परत जाण्यासाठी मूळ शब्द हवेतच. मूळ रकाना अस्पर्श ठेवा, रूपांतर शेजारच्या रकान्यात लिहा.

दुसरी: सूचीचे वेड लावून घेऊ नका. दोनशे कागदांचा संग्रह असेल, किंवा त्यांतले बहुतेक सारेच वाचायचे असतील, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळणे हाच जवळचा मार्ग. डेटाबेसही अशा वेळी सूची सोडून सरळ चाळतो, आणि योग्यच करतो.

२३/
माझ्या सूचीचे पुढे काय झाले? तारखेचा मूळ रकाना तसाच ठेवला. शेजारी तीन रकाने वाढवले: सुहूर सन आकड्यात, इसवी सनाची तारीख आणि ती कोणत्या जंत्रीवरून काढली त्याची खूण. सूची इसवी तारखेवर बांधली. जे फंक्शन प्रत्येक प्रश्नाला हजारो वेळा चालत होते, ते आता प्रत्येक कागदासाठी जन्मात एकदा चालते. काम फार नव्हते, काही संध्याकाळींचे. पण ते मी आरंभीच करायला हवे होते.

२४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून मिळणारा धडा संगणकापुरता नाही. आपण भूतकाळाकडे जातो तेव्हा आपल्या सोयीचे पंचांग, आपली नावे, आपले वर्गीकरण घेऊन जातो आणि प्रत्येक कागदाला त्या साच्यातून जायला लावतो. त्याने वेळही जातो आणि कागदाचा मूळ क्रमही दिसेनासा होतो. त्यापेक्षा दाराशी क्षणभर थांबावे, आपला प्रश्न त्या काळाच्या पंचांगात उतरवावा आणि मग आत जावे. पेशव्यांच्या कारकुनाला '१७७०' कळणार नाही. त्याला 'इहिदे सबैन' म्हणा. तो नेमका रुमाल काढून देईल.

२५/
शेवटची विनंती. आपल्या घरी, देवघरात, माळ्यावर मोडी कागद असतील तर त्यांची साधी यादी करा: कागदावरची तारीख जशीच्या तशी, गाव, नाव, आणि कोणी वाचले असेल तर त्याचे वाचन. मोडी येत नसली तरी कागदांना क्रमांक देऊन त्यांची छायाचित्रे काढता येतात. एकदा नीट नोंदवलेला कागद पुढच्या शंभर जणांचे श्रम वाचवतो.

सनांच्या हिशेबात कोठे चूक आढळली तर निःसंकोच दाखवावी. सुहूर सनाने भल्याभल्यांना चकवले आहे, मी तर अजून शिकतोच आहे.

थ्रेड समाप्त.